हवेचे प्रदूषण, बदलता पर्यटक आणि आग्रा शहराची पर्यटन-अर्थव्यवस्था

प्रस्तावना

पर्यटनस्थळाची भरभराट मोजण्याचे आपल्याकडील रूढ माप म्हणजे पर्यटकांची संख्या होय. यंदा किती लाख लोक आले, मागील वर्षापेक्षा किती टक्के वाढले, एवढे सांगितले की स्थळाचा विकास झाला असे गृहीत धरले जाते. परंतु पर्यटक किती आले याइतकेच कोण आले, कोणत्या महिन्यात आले आणि रात्री कोठे झोपले हे प्रश्नही अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. आग्रा शहराचे उदाहरण यादृष्टीने अभ्यासनीय आहे. एका वास्तूचा रंग टिकावा म्हणून या शहराने आपल्या भट्ट्या विझविल्या. त्या मोबदल्यात पर्यटन शहराला पोसेल अशी अपेक्षा होती. आज ताजमहाल पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु त्यांच्यापासून शहराला मिळणारे उत्पन्न त्या प्रमाणात नाही, आणि हवाही स्वच्छ झालेली नाही. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ताज परिसर आणि विझलेल्या भट्ट्या

मथुरा येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचा प्रस्ताव पुढे आल्यावर त्याच्या धुराचा ताजमहालावर काय परिणाम होईल, हा प्रश्न १९७० च्या दशकात प्रथम गांभीर्याने विचारला गेला. त्यासाठी नेमलेल्या डॉ. एस. वरदराजन समितीने १९७८ मध्ये अहवाल दिला. कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला आणि १९८४ मध्ये विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. या प्रकरणात न्यायालयापुढे आलेल्या शास्त्रीय सामग्रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजेच आपल्या परिचयाच्या ‘नीरी’चे अहवाल प्रमुख होते, ही बाब महाराष्ट्रातील वाचकांना विशेष वाटेल.

दगडी कोळसा व कोक जाळल्याने सल्फर डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते आणि ते संगमरवरातील कॅल्शियम कार्बोनेटचे जिप्समसारख्या ठिसूळ पदार्थात रूपांतर करते. दगडाचा पृष्ठभाग खवल्यांप्रमाणे सुटू लागतो. यासच ‘संगमरवराचा कर्करोग’ असे म्हटले गेले. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या समलंब चौकोनी क्षेत्रातील २९२ कारखान्यांनी एकतर कोळसा सोडून नैसर्गिक वायू स्वीकारावा किंवा क्षेत्राबाहेर जावे, असा तो आदेश होता. आग्र्याचे ओतकाम कारखाने आणि फिरोजाबादचे काच-बांगड्यांचे कारखाने त्यात प्रामुख्याने होते. पेठा तयार करणाऱ्या कोळशाच्या भट्ट्यांवर व परिसरातील वीटभट्ट्यांवरही क्रमाने बंधने आली. निकालात कामगारांच्या भरपाईच्या तरतुदी होत्या. तथापि, ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते अशा रोजंदारी कामगाराला त्यांचा उपयोग किती झाला असेल, याबद्दल शंका घ्यावयास जागा आहे.

निकाल चुकीचा होता असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. त्या निकालाने देशातील पर्यावरणविषयक न्यायशास्त्राला दिशा दिली. परंतु त्याचा आर्थिक अर्थ स्पष्टपणे मांडला जात नाही. आग्र्याने उत्पादनावर आधारलेल्या उपजीविकेचा एक भाग सोडला, आणि त्याची भरपाई पर्यटनाने करावयाची होती.

प्रदूषणाचे बदललेले रूप

कोळसा कमी झाल्यावर सल्फर डाय-ऑक्साइडचे प्रमाण आटोक्यात आले, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याची जागा दुसऱ्या शत्रूने घेतली. तो म्हणजे तरंगते सूक्ष्म धूलिकण. अमेरिकेतील जॉर्जिया टेक आणि आयआयटी कानपूर येथील संशोधकांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने केलेला अभ्यास २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ताजचा संगमरवर पिवळसर-तपकिरी दिसण्यामागे कार्बनयुक्त कण व धूळ ही प्रमुख कारणे असल्याचे त्यात दाखविण्यात आले. काळा कार्बन सर्व प्रकाश शोषून घेतो. जैवभार व कचरा जाळल्याने तयार होणारा तपकिरी कार्बन मुख्यतः निळा प्रकाश शोषतो, आणि त्यामुळे पांढरा दगड पिवळट भासतो.

या कणांचा उगम एखाद्या धुराड्यात नाही. तो वाहनांत, डिझेल जनित्रांत, उखडलेल्या रस्त्यांत, यमुनेच्या कोरड्या पात्रातील वाळूत आणि चौकाचौकांत पेटविल्या जाणाऱ्या कचऱ्यात आहे. धुराड्याला टाळे लावता येते. चौकातील कचऱ्याला कसे लावणार? २०१५ च्या प्रारंभी आग्रा शहरात गोवऱ्या जाळण्यावर बंदी घालण्यात आली. पुढे झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ताजच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या सूक्ष्म कणांत गोवऱ्यांपेक्षा उघड्यावर जाळल्या जाणाऱ्या नागरी कचऱ्याचा वाटा कितीतरी पटींनी अधिक आहे. म्हणजे गरिबाच्या चुलीवर प्रथम बोट ठेवले गेले. कचरा उचलण्याची जबाबदारी ज्या यंत्रणेची, तिची चौकशी मागाहून आली. प्रदूषण नियंत्रणाचा भार कोणावर पडतो, या प्रश्नाचे उत्तर आग्र्यात पुन्हापुन्हा एकाच दिशेने मिळते.

दगडावर बसलेला थर काढण्यासाठी मुलतानी मातीचा लेप दिला जातो. १९९४ पासून हा उपचार अनेकदा करण्यात आला आहे. त्या काळात मिनार किंवा भिंतींचे काही भाग पराच्यांआड जातात, आणि दूरदेशाहून आयुष्यात एकदाच आलेल्या पर्यटकाच्या छायाचित्रात ताजऐवजी पराचीच येते. ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

हंगाम आणि हवा यांचा विरोध

आग्र्याच्या पर्यटनाची खरी अडचण दिनदर्शिकेत आहे. परदेशी पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा असतो, कारण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. परंतु उत्तर भारतीय मैदानात नोव्हेंबर ते जानेवारी हेच हवेच्या दृष्टीने सर्वांत वाईट महिने होत. थंड हवा जमिनीलगत साचते, वर उबदार हवेचा थर बसतो, वारा मंदावतो. भूगोलात आपण ज्यास तापमानाची विपरीतता म्हणतो, त्या स्थितीत धूर व धूळ वर जाऊ शकत नाही. त्यात धुके मिसळून धुरके तयार होते. कमाईचे महिने आणि धुरक्याचे महिने बऱ्याच अंशी एकच आहेत.

शिवाय परदेशी पर्यटक बहुधा दिल्लीच्या विमानतळावर उतरतो. त्यामुळे दिल्लीच्या हवेची बातमी हीच आग्र्याच्या हवेची जाहिरात ठरते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ताजजवळ हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची एक गाडी उभी करण्यात आली होती. उघड्या आकाशाखाली अशा गाडीने काय साधले असेल, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात महाविद्यालयाची शैक्षणिक सहल घेऊन प्रस्तुत लेखक आग्र्यास गेला होता. सकाळी आठ वाजता प्रवेशद्वार ओलांडल्यावर विद्यार्थ्यांनी विचारले, “सर, ताजमहाल कोठे आहे?” समोर पांढऱ्या भिंतीसारखे धुरके होते. अकराच्या सुमारास घुमटाची कड दिसू लागली. दुपारी आमची बस मथुरेस निघाली. जेवण सोबतच्या आचाऱ्याने केलेले, मुक्काम वृंदावनच्या धर्मशाळेत. आमच्यापैकी प्रत्येकाने आग्र्यात तिकीट, रिक्षा आणि अर्धा किलो पेठा एवढाच खर्च केला. त्या वर्षीच्या लाखोंच्या संख्येत आम्हीही मोजले गेलो असणार.

पर्यटक कोण आहे?

वरील अनुभव अपवादात्मक नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये १६५ किलोमीटर लांबीचा यमुना द्रुतगती मार्ग खुला झाला. एप्रिल २०१६ मध्ये गतिमान एक्सप्रेस सुरू झाली. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सकाळी निघून सुमारे १०० मिनिटांत आग्रा, आणि संध्याकाळी परत. प्रवाशाची सोय झाली. परंतु आग्र्याचा मुक्काम संपला. पूर्वी ज्याला एक रात्र राहणे भाग होते, तो आता रात्रीच्या जेवणास दिल्लीत असतो. ताजमहाल, आग्र्याचा किल्ला आणि फतेहपूर सिक्री मिळून एकाच जिल्ह्यात तीन जागतिक वारसास्थळे असूनही, दिवसभराचा पाहुणा ताज आणि फार तर किल्ला पाहून परततो.

दुसरा बदल देशी-परदेशी प्रमाणाचा आहे. महासाथीत १७ मार्च ते २१ सप्टेंबर २०२० या काळात ताज बंद होता. भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांची संख्या २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख होती. ती २०२१ मध्ये १५ लाखांच्या आसपास आली, आणि २०२४ मध्येही एक कोटीच्या किंचित खालीच राहिली. २०२१-२२ मध्ये परदेशी पर्यटकांच्या संख्येत तमिळनाडूतील मामल्लपुरम ताजच्या पुढे होते, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणास खरी वाटली नसती. २०२४-२५ मध्ये ताजला ६२ लाखांहून अधिक भारतीय आणि सुमारे साडेसहा लाख परदेशी पर्यटकांनी भेट दिली. म्हणजे दहा-अकरा जणांत एक परदेशी.

आता तिकिटाचा हिशेब पाहू. ऑगस्ट २०१८ पासून भारतीयास ५० रुपये व परदेशी पर्यटकास १,१०० रुपये असा दर आहे. मुख्य मकबऱ्यासाठीचे २०० रुपये आणि लहान मुले, सार्क देश इत्यादींच्या सवलती बाजूस ठेवून स्थूलमानाने गुणाकार केला, तर भारतीयांकडून सुमारे ३१ कोटी आणि परदेशी पर्यटकांकडून सत्तर कोटींच्या आसपास रक्कम होते. एक परदेशी तिकीट म्हणजे बावीस देशी तिकिटे. एक लाख परदेशी पर्यटक कमी झाले, तर ती तूट भरून काढण्यास बावीस लाख भारतीय अधिक यावे लागतील. आणि ते आले, तर त्यांची वाहने, त्यांचा कचरा व त्यांच्या पायांची धूळही सोबत येईल. या ठिकाणी प्रदूषण आणि पर्यटकाचा बदल हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. वाईट हवा जास्त खर्च करणाऱ्या, मुक्काम करणाऱ्या पाहुण्यास दूर ठेवते. त्याची जागा कमी खर्च करणारे अनेक पाहुणे घेतात. आणि त्यांच्या वाहतुकीमुळे हवेवरील ताण वाढतो.

या बदलाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. पेठ्याच्या दुकानदाराचा धंदा देशी गर्दीवर चालतो. पच्चीकारीचे काम करणारा कारागीर मात्र प्रामुख्याने परदेशी ग्राहकावर अवलंबून आहे. संगमरवरात लाजवर्द व अकीक बसवून एक तबक घडविण्यास आठवडे लागतात, आणि तीन तासांसाठी आलेला पर्यटक ते विकत घेत नाही. परकीय भाषा शिकलेला मार्गदर्शक, ताजगंजमधील लहान विश्रामगृहाचा मालक, तेथे चादरी धुणारा परीट, या सर्वांचे उत्पन्न मुक्कामाशी बांधलेले आहे. येथे देशी पर्यटकास कमी लेखण्याचा हेतू नाही. ताज हा त्याचाच वारसा आहे, आणि महासाथीनंतर त्यानेच आग्रा सावरले. दोष पर्यटकाचा नाही. त्याला एक रात्र थांबवू शकेल असे शहर उभे न राहिल्याचा आहे.

धोरणाची दिशा

आजवरचे उपाय मुख्यतः वास्तूभोवती कडे करण्याचे आहेत. पेट्रोल-डिझेल वाहनांना दूर थांबवून विद्युत वाहनांची सोय केली गेली. एप्रिल २०१८ पासून तीन तासांची मर्यादा आली. अजिंठ्यास फर्दापूर फाट्यावर वाहने थांबवून वेगळ्या बसने लेण्यांपर्यंत नेतात, त्याच जातीचे हे उपाय असून ते योग्यच आहेत. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये ताजपासून ५०० मीटरच्या आतील सर्व व्यवसाय हटविण्याचा आदेश निघाला, तेव्हा ताजगंजमधील पिढ्यान्पिढ्यांचे दुकानदार हवालदिल झाले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना तात्पुरता दिलासा दिला. भट्टीवाला, गोवरीवाली आणि आता दुकानदार, असा हा क्रम आहे.

परदेशी पर्यटकाच्या १,१०० रुपयांतील ५०० रुपये पथकर म्हणून आग्रा विकास प्राधिकरणाकडे जातात. हा पैसा ताजमुळे मिळतो आणि शहरासाठीच असतो. त्यातील ठरावीक हिस्सा ताजगंज व यमुनाकाठच्या वस्त्यांतील कचरा रोज उचलण्यासाठी आणि गोवऱ्या जाळणाऱ्या घरांना सिलिंडर पुन्हा भरून घेता यावा यासाठी राखून ठेवता येईल. असा खर्च वॉर्डनिहाय जाहीर व्हावा, म्हणजे किती कचरा पेटला व किती उचलला गेला हे नागरिकांना तपासता येईल. पर्यटनाची आकडेवारीही प्रवेशद्वारावरील तिकिटांऐवजी मुक्कामाच्या रात्री मोजून प्रसिद्ध झाली पाहिजे. महिनावार मुक्काम आणि महिनावार धूलिकण हे दोन स्तंभ शेजारी मांडले, तर नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत पच्चीकारीच्या कारागिराच्या हातचे काम किती दिवस थांबते, हे प्रथमच दिसू शकेल.