रस्ता कोणाचा?

शहर हीदेखील एक शाळाच होय. परंतु तिचें दार मुलांस व मुलींस सारखेंच उघडें असतें काय?

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सायंकाळीं मुलांचे घोळके कठड्यावर तासन् तास समुद्र पाहत बसतात. तुम्ही येथें कां आलांत, असें त्यांस कोणी पुसत नाहीं. एकटी मुलगी मात्र तेथें क्वचितच स्वस्थ बसते. तिच्या पावलांत घाई असते, कानाशीं फोन असतो. जणूं आपल्या येण्याचें कारण ती जगास दाखवीत असते.

लोकल गाड्यांतील राखीव डबे व १९९२ सालीं सुरू झालेली 'लेडीज स्पेशल' यांनीं मुलींचा प्रवास पुष्कळ सुकर केला, हें खरें. परंतु कामासाठीं प्रवास करणें निराळें, रेंगाळणें निराळें. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनीं मुंबईचा अभ्यास करून २०११ सालीं 'व्हाय लॉयटर?' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्त्रियांसहि कामावांचून रेंगाळण्याचा हक्क असावा, असें त्यांचें प्रतिपादन आहे.

रेंगाळणें म्हणजे आळस, असें कोणी म्हणेल. पण चुकलेली वाट पुन्हा शोधणें, अनोळखी माणसाशीं बोलणें, हे धडे मुलगा रेंगाळतांनाच शिकतो. सुरक्षिततेसाठीं घरीं ठेवलेली मुलगी त्यांस मुकते. आणि स्त्रियांवांचून ओस पडलेला रस्ता एखाद्या एकटीस अधिकच भयाण होतो.

आम्हीहि या दोषांतून मुक्त नाहीं. मुलास आम्ही 'केव्हां येशील?' असें विचारतों. मुलीस 'कशाला जातेस?' असें. हा दुसरा प्रश्न आम्ही आवरला, तरी आरंभ होईल.