कळसाडीचा 'ळ'

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संगणकावर संकेतस्थळं उभी करून पोट भरणाऱ्या माणसाला आज वेब डेव्हलपर म्हणतात. दिवसभर तो बँकेचं, दुकानाचं, विमा कंपनीचं काम करतो. संध्याकाळी घरी आला तरी पुन्हा संगणक उघडून काहीतरी करत बसतो आणि घरच्यांना वाटतं, यानं ऑफिस घरी आणलं. पुष्कळदा तसं नसतं. सुतार घरासाठी एखादा पाट करतो, शिंपी उरल्या कापडातून दुपटं शिवतो, त्यातलाच हा प्रकार. धंद्यातली मंडळी त्याला 'साइड प्रोजेक्ट' म्हणतात. आज बोलायचं आहे ते अशा फावल्या वेळच्या कामांविषयी, आणि त्यातही कुटुंबाच्या प्रवासाला उपयोगी पडतील अशा कामांविषयी.

या कामांना कमी लेखू नये. मराठी टंकलेखनासाठी ओंकार जोशी यांनी 'गमभन' नावाची सोय केली. पाटीवर मुलाला पहिल्यांदा गिरवायला देतात ती अक्षरं ग, म, भ, न. नाव तिथून आलं. तिच्यामुळे इंग्रजी कळफलकावर बोटं चालवून कितीतरी लोक पहिल्यांदा संगणकावर मराठी लिहू लागले. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक खिशात आणणारं 'एम-इंडिकेटर' सचिन टेके यांनी २०१० मध्ये काढलं. स्मार्टफोन तेव्हा फार थोड्यांच्या हातात होते. कुणातरी एकाला रोज नडणारी गोष्ट त्यानं स्वतः सोडवायला घेतली की असं काहीतरी जन्माला येतं.

पण लोकलचं उदाहरण तसं सोपं आहे. तिथे वेळापत्रक छापलेलं असतं, स्टेशनांची नावं ठरलेली असतात. आपण थोडं अवघड उदाहरण घेऊ: नंदुरबार जिल्ह्यातलं कळसाडी. समजा, मूळचा तिथला एक वेब डेव्हलपर मुंबईत नोकरीला आहे आणि दिवाळीत बायकामुलांना घेऊन गावी निघाला आहे. रेल्वे सुरतेजवळ उधन्याला वळते आणि तापीच्या खोऱ्यातून नंदुरबारला येते. इथपर्यंतचं सगळं फोनवर कळतं: तिकीट, डबा, फलाट, गाडी किती उशिरा आहे तेसुद्धा. खरा प्रश्न नंदुरबारपासून घराच्या ओट्यापर्यंतचा. एसटी किती वाजता? ती फाट्यावर सोडते की गावात जाते? गाडी रात्री उशिरा पोचली तर रिक्षासाठी कुणाला फोन करायचा? ही माहिती मोठ्या कंपन्यांकडे क्वचित असते. ती असते काकाच्या डोक्यात, नाहीतर फाट्यावरच्या चहावाल्याच्या. आपला डेव्हलपर ती विचारून विचारून एका पानावर मांडतो. झालं त्याचं साइड प्रोजेक्ट.

आता गंमत अशी की पहिली अडचण गावाच्या नावातच येते. कळसाडी रोमन लिपीत लिहिलं की 'ळ' नाहीसा होतो, त्याच्या जागी 'एल' येतो. मग ते परत मराठीत आणताना कुणी कलसाडी करतो, कुणी कलसादी, कुणी काळसाडी. आपल्याला ही तिन्ही नावं एकाच गावाची वाटतात, संगणकाला नाही. युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. 'ल' चा ०९३२ आणि 'ळ' चा ०९३३. क्रमांक शेजारी असले तरी संगणकाच्या लेखी ही दोन अक्षरं 'क' आणि 'घ' इतकीच परकी. 'कलसाडी' शोधणाऱ्याला 'कळसाडी' सापडणार नाही.

क्रमाचंही तेच. शाळेत आपण वर्णमाला म्हणतो ती य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ अशी. त्या क्रमानं कलश, कवठ, कसर आणि मग कळस. संगणक नुसत्या क्रमांकांवर गेला तर कलशाच्या मागोमाग कळस लावून मोकळा होतो. दहा गावांच्या यादीत काही बिघडत नाही. जिल्ह्यातल्या शेकडो गावांच्या यादीत मात्र शब्दकोश चाळायची सवय असलेले आजोबा आपलं गाव शेवटी शोधतात आणि म्हणतात, "आपलं गावच नाही यात." मराठी क्रम लावायची सोय आहे, पण ती मागावी लागते. न मागता मिळत नाही.

त्यात खानदेशातली बोली. अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा डोया होतो, काळा काया होतो. म्हणून शहाणा माणूस आपल्या यादीत नावाचा एकच रकाना ठेवत नाही. एक रकाना शुद्ध मराठी नावाचा, एक रोमन स्पेलिंगांचा, जितकी आढळतील तितकी, आणि एक गावातली माणसं म्हणतात त्या नावाचा. कुणी काहीही लिहो, उत्तर एकच यावं. माझं मत विचाराल तर अशा पानाच्या रंगरंगोटीवर महिना घालवण्यापेक्षा या तीन रकान्यांवर दोन रविवार घालवावेत.

नावावर विसंबता येत नाही म्हणून क्रमांक येतात. पोस्टाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्यामागे होते डाक-तार मंडळावरचे श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. सारख्या नावांची गावं, न वाचता येणारं अक्षर, वेगवेगळ्या लिपी, या गोंधळातून पत्र वाट काढील अशी ती योजना. पण पिनकोड पोस्टाच्या वाटपासाठी आहे, त्याच्यात अनेक गावं एकत्र येतात. एकेका गावाला वेगळं ओळखायचं तर २०११ च्या जनगणनेनं दिलेला सहा अंकी ग्रामक्रमांक कामाला येतो. सातबाऱ्यावर 'तर्फ अमुक' अशी शेपटं जोडलेल्या जुळ्या गावांचा घोटाळा त्यानं सुटतो. (याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. माणसाला क्रमांक त्या दिवशी मिळाला. गावांना त्याआधीपासून होते.)

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एका नावासाठी किती खटाटोप! पण नंदुरबार जिल्ह्यात नावाची गोष्ट हलकी नाही. सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांना बाधा झाली. तिथली अनेक कुटुंबं सातपुडा उतरून तळोदा-शहादा भागात आली. तळोदा तालुक्यातल्या नर्मदानगर, रेवानगर या वसाहती त्यातल्याच. एका बाजूला जुनं गाव, जे घरातले म्हातारे अजून आपलं गाव म्हणून सांगतात. दुसऱ्या बाजूला नवी वसाहत, जिची घरं उपग्रहाच्या छायाचित्रात स्वच्छ दिसतात. पण छायाचित्रात छप्पर दिसतं, नाव दिसत नाही. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली की नाव सांगावं लागतं, आणि पलीकडच्या माणसाला ते पडद्यावर सापडावं लागतं.

नाव घालायला परवानगी लागते का? 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. त्यात कुणीही आपल्या माहितीतलं गाव, रस्ता, विहीर, दवाखाना नोंदवू शकतो. मूळ नावाशेजारी मराठी नावासाठी वेगळी जागा आहे, जुन्या नावासाठीही आहे. म्हणजे वसाहतीचं आजचं नाव आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव, दोन्ही राहतात. अट एवढीच, की दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवून घ्यायचं नाही. स्वतः पाहिलेलं, स्वतःला ठाऊक असलेलं लिहायचं. सुटीला गावी आलेल्या कुटुंबाला हे सहज जमण्यासारखं आहे. सारंगखेड्याच्या पुलावरून जाताना, प्रकाशाला संगमावर उतरल्यावर, मुलं फोनवर जागा टिपतात. रात्री बाप ती नकाशावर चढवतो.

सारंगखेड्यावरून आठवलं. तिथली दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार, हे मुलांना दाखवण्यासारखं. पण पानावर एकदा तारीख लिहून ठेवली की पुढच्या वर्षी ती चुकते. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला. २०२३ मध्ये ती २६ डिसेंबरला आली, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. दोन वर्षांत बावीस दिवस मागे. अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी. रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी करणाऱ्या कुटुंबाला हा फरक महागात पडतो. पंचांगाचं गणित संगणकाला शिकवता येतं, पण ते किचकट आहे. घरगुती पानासाठी पुढच्या पाच वर्षांच्या तारखा पंचांगातून पाहून हातानं भरलेल्या बऱ्या.

अंतराचा हिशेबही असाच फसवा. दोन ठिकाणांतलं सरळ रेषेतलं अंतर काढायला चार ओळींचं सूत्र पुरतं. तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, रस्ता घाटाचा. सरळ रेषा तिथे फक्त पाखरांच्या कामाची.

राहिला नेटवर्कचा प्रश्न. सातपुड्यात शिरलं की फोनवरच्या दांड्या एकेक करून जातात. म्हणून पान असं करावं, की घरून निघताना एकदा उघडलं की त्याची प्रत फोनमध्येच राहील आणि पुढे इंटरनेट नसलं तरी उघडेल. हे तंत्र आता नेहमीचं झालं आहे. वजनही फार नसतं. देवनागरीचं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात. दोनशे गावं, प्रत्येकाची शंभर अक्षरांची माहिती, म्हणजे साठ हजार बाइट. फोननं काढलेला एखादा फोटो याच्या पन्नासपट असतो. बंगळुरूच्या एका छोट्या चमूनं केलेलं 'व्हेअर इज माय ट्रेन' पुढे २०१८ मध्ये गूगलनं विकत घेतलं. त्यातली युक्ती पाहा: रुळांच्या कडेला कुठे कोणता मोबाईल टॉवर आहे याची यादी फोनमध्ये आधीच ठेवायची. गाडी धावताना फोनला ज्या टॉवरची हाक ऐकू येते त्यावरून गाडी कुठे आहे ते ताडायचं. इंटरनेट नको, उपग्रह नको.

घरच्या पानाबाबत एक काळजी मात्र घ्यावी. 'आम्ही अमुक तारखेला निघतो' हे सगळ्या जगाला वाचता येईल असं ठेवू नये; तो चोराला दिलेला निरोप होतो. मुलांच्या फोटोंतही फोन गुपचूप जागा नोंदवून ठेवतो, ती पुसूनच फोटो चढवावेत. काका आणि रिक्षावाला यांचे नंबर त्यांना विचारून, आणि घरच्यांनाच दिसतील अशा पानावर. एसटीच्या वेळा, फाटा, दवाखाना हे सर्वांसाठी उघडं असायला हरकत नाही.

आणि प्रत्येक ओळीपुढे एक छोटा रकाना: 'कधी तपासलं'. बहुतेक साइड प्रोजेक्ट मरतात ती या रकान्यावाचून. एसटीची वेळ बदलते, पान जुनीच वेळ ठासून सांगतं. एकदा बस चुकली की घरातलं कुणी त्या पानाकडे पुन्हा फिरकत नाही. हे काम मुलांकडे द्यावं. स्टँडवर उतरलं की फळ्यावरच्या वेळा वाचायच्या, चौकशीच्या खिडकीत विचारायचं, जुनी वेळ खोडून नवी लिहायची. सुटी संपताना त्याच यादीची मोठ्या अक्षरांतली एक छापील प्रत कळसाडीच्या घरात दाराच्या मागे चिकटवून यायची, सोबत दोरीला बांधलेलं पेन. वर्षभरात काही बदललं तर आजी नाहीतर काका तिथेच दुरुस्त करतात, आणि त्या कागदाचा फोटो मुंबईला येतो.