भोंग्याची कळ कुणाच्या हाती?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात दोन भोंगे होते. एक आतल्या कामगारांसाठी, दुसरा बाहेरच्या वस्त्यांसाठी. पूर्वी ते एकत्रच वाजत. १९८२ मध्ये त्यांची जोडणी तोडली गेली आणि आतला चालू ठेवून बाहेरचा बंद करण्याची सोय झाली. त्यामागचं कारण ऐकायला शहाणपणाचंच वाटतं : किरकोळ गळतीसाठी सगळी वस्ती कशाला जागी करायची? लोक उगाच घाबरतील.

२ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र उलटली. एकला दहाएक मिनिटं कमी असताना वायूचा मारा सोसेना, तेव्हा एका कामगाराने इशारा दिला आणि दोन्ही भोंगे वाजले. बाहेरचा थोड्याच वेळात बंद करण्यात आला, रीतसर, कंपनीच्या नियमाप्रमाणे. तोवर ई-६१० क्रमांकाच्या टाकीतलं मिथाइल आयसोसायनेट वाऱ्याबरोबर शहराकडे निघालं होतं. त्या रात्री एकंदर चाळीसेक टन बाहेर पडलं. चोला भागातून माणसं पळत सुटल्याची खबर पोलिसांना लागली. त्यांनी कारखान्यात फोन लावले, तर सगळं ठीक असल्याचं सांगितलं गेलं. बाहेरचा भोंगा पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन वाजून गेले होते. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे नुकसानभरपाईसाठी मान्य झालेले मृत्यूच पाच हजारांवर गेले.

टाकीत पाणी कसं शिरलं, शीतकरण यंत्रणा का बंद होती, वायू धुऊन काढणारा मनोरा का कमी पडला, यावर चाळीस वर्षांत अहवालांचे ढीग झाले आहेत. त्या सगळ्यात मला हा तोडलेला जोड सर्वांत बोलका वाटतो. तिथल्या काही गोष्टी बिघडल्या होत्या, काही पैसे वाचवायला बंद ठेवल्या होत्या. भोंग्याच्या निर्णयात मात्र पैशाचा प्रश्न नव्हता. लोकांना कळलं तर ते गोंधळ घालतील, ही त्यामागची समजूत होती. ती समजूत आजही बऱ्याच कारखान्यांच्या गेटाआड आणि सरकारी कचेऱ्यांत सुखाने नांदते आहे.

त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे उपस्टेशन अधीक्षक ड्यूटीवर होते. फलाटावर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती. त्यांनी ती वेळेआधी सोडून दिली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अलीकडेच रोखायचे निरोप धाडले. हवेत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. काहीतरी भयंकर आहे एवढं कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी निर्णय घेतला. इशारा यंत्रणेबद्दल बोलताना मी या माणसापासून सुरुवात करतो, कारण खात्री होईपर्यंत थांबणं हाच या यंत्रणेचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

हिशोब करून पाहा. सेकंदाला तीन मीटर वारा म्हणजे साधी झुळूक. तिच्यावरून निघालेला वायू साडेपाच मिनिटांत किलोमीटरभर जातो. आता दुसरी बाजू. ऑपरेटरला वास येतो. तो शिफ्ट इनचार्जला सांगतो. इनचार्ज स्वतः जाऊन बघतो, मग प्लांट मॅनेजरला फोन करतो. मॅनेजर घरी झोपलेला असतो. तो आधी दुरुस्तीचं विचारतो, बाहेर कळवायचं नंतर. तिथून मालक, अग्निशमन दल, पोलीस, जिल्हाधिकारी कार्यालयाचा नियंत्रण कक्ष. यातल्या प्रत्येकाने दोनच मिनिटं घेतली तरी किलोमीटरभरावरच्या चाळीत वायू इशाऱ्याच्या आधी पोचतो.

कायद्यांची उणीव आहे असं कुणी म्हणू नये. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळनंतरचाच. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने कुंपणाच्या आतला आपत्कालीन आराखडा करायचा आणि जिल्हा प्रशासनाने कुंपणाबाहेरचा. आसपासच्या लोकांना धोका काय, अपघात झाला तर काय करावं, काय टाळावं हे आधी सांगून ठेवणंही बंधनकारक आहे. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत संकट गट नेमले. जिल्ह्याच्या गटाने दर पंचेचाळीस दिवसांनी बसायचं, स्थानिक गटाने दर महिन्याला बसायचं आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण मॉक ड्रिल घ्यायचं. रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, तुमच्या स्थानिक संकट गटात कोण आहे? उत्तर आलं तर मला आश्चर्य वाटेल.

यंत्रं नाहीत असंही नाही. ७ मे २०२० ला पहाटेच्या आधी विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीनची वाफ वेंकटापुरम गावात उतरली. बारा जण गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीने नंतर जे नोंदवलं ते वाचून डोकं धरावंसं वाटतं : कारखान्यात छत्तीस ठिकाणी सायरनची सोय होती, आणि तो वाजवला गेला नाही. भोंगा चालू करून बंद केला की भोपाळ होतं. मुळात वाजवलाच नाही की विशाखापट्टणम.

मग ही गोष्ट नीट कुणी केली आहे का? बऱ्यापैकी नीट म्हणावं असं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा काउंटीचं आहे. तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांना चिकटूनच वस्त्या, म्हणजे आपल्या चेंबूर-माहुलसारखीच रचना. जुलै १९९३ मध्ये रिचमंडला रेल्वेच्या टँकरमधून ओलियम, म्हणजे अतितीव्र गंधकाम्ल, सुटलं आणि वीस हजारांहून अधिक लोकांनी दवाखाने गाठले. त्यानंतर कारखाने, काउंटी आणि रहिवासी एका टेबलाशी बसले आणि काही वर्षांत भोंगे, फोन, रेडिओ एकत्र बांधलेली इशारा यंत्रणा उभी राहिली. घटनांच्या पायऱ्या आधीच ठरवलेल्या असतात, सर्वांत वरच्या पायरीला भोंगे वाजतात. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी अकराला ते वाजवून पाहतात. लोकांना शिकवलेला धडा तीन गोष्टींचा : आत जा, दारं-खिडक्या लावा, बातम्या ऐका. अमेरिकेत हा धडा मुलांना शिकवायला वॉली नावाचं एक कासवही आहे. संकट आलं की कवचात शिरायचं, हे कासवापेक्षा चांगलं कोण शिकवणार!

तरीही तिथल्या यंत्रणेची पूजा मांडण्याचं कारण नाही. २०१२ मध्ये रिचमंडच्या शेव्हरॉन कारखान्याला आग लागली तेव्हा पंधराएक हजार लोक डॉक्टरांकडे गेले, आणि इशाऱ्याचे फोन फार उशिरा आल्याच्या तक्रारी झाल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात मार्टिनेझच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून वापरलेल्या उत्प्रेरकाची पांढरी भुकटी रात्रभर गावावर पडली. नियमाने पंधरा मिनिटांत काउंटीला कळवायचं होतं. कारखान्याने कळवलं नाही. सकाळी लोकांना ती आपल्या गाड्यांवर दिसली. इतकी जुळवलेली यंत्रणाही पहिला फोन कारखान्याने करायचा म्हटलं की तिथेच अडते. म्हणून माझं म्हणणं असं की कुंपणावर वायू ओळखणारे सेन्सर हवेत आणि त्यांचे आकडे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आपोआप दिसायला हवेत. शिवाय रात्रपाळीच्या ऑपरेटरला कुणाला न विचारता बाहेरचा भोंगा वाजवण्याचा लेखी अधिकार हवा, आणि इशारा चुकीचा ठरला तर त्याच्यावर कारवाई होणार नाही ही हमीही.

लोक घाबरून चेंगराचेंगरी करतील ही भीती अभ्यासकांनी केव्हाच तपासून बाजूला ठेवली आहे. एन्रिको क्वारंटेली यांनी १९६३ मध्ये ओहायोत आपत्ती संशोधन केंद्राची स्थापना केली आणि पुढे दशकानुदशकं संकटातल्या माणसांचं वागणं पाहिलं. त्यांना सैरावैरा गर्दी क्वचितच सापडली. आढळली ती उलट अडचण. इशारा ऐकून माणूस लगेच हलतच नाही. शेजाऱ्याला विचारतो, खिडकीतून डोकावतो, खरं आहे का ते ताडून पाहतो. रसायनांच्या बाबतीत खिडकीतून डोकावणं हेच घातक. मुंबईच्या गिरणगावात भोंग्याचा अर्थ कुणी कुणाला विचारत नसे, कारण तो रोज वाजे आणि त्यावर घरची घड्याळं चालत. एरवी कधी न वाजणारा भोंगा अचानक ऐकला तर माणूस गॅलरीतच येणार. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावात देशभर वाजलेले भोंगे हवाई हल्ल्याचे होते. त्यांचा अर्थ वेगळा, वायूगळतीत करायच्या गोष्टी वेगळ्या. दोन्हींना एकच सूर देऊन चालणार नाही.

डोंबिवलीत २६ मे २०१६ ला प्रोबेसचा स्फोट झाला, बारा माणसं गेली. २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत अमुदानचा. महाडला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लू जेट. कारखाने हलवण्याच्या घोषणा दर वेळी होतात. हलवणं बरोबरच आहे, पण ते होईपर्यंतची वर्षं लोकांनी तिथेच काढायची आहेत. शिवाय धोका कारखान्यातच असतो असंही नाही. जुलै २०१० मध्ये मुंबईच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभराहून अधिक जणांना बाधा झाली. तिथे ना प्लांट मॅनेजर, ना त्याचा आपत्कालीन आराखडा.

‘आत जा’ हा अमेरिकन उपदेश आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. पत्र्याचं छप्पर आणि फटीफटीतून वारा येणारी खोली वायूला फार वेळ अडवत नाही. अशा वस्तीसाठी जवळची पक्की शाळा किंवा समाजमंदिर आधीच ठरवलेलं हवं, किल्ली कुणाकडे हेही. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, म्हणून तो नाल्यात, तळमजल्यावर साचतो. तिथे वरचा मजला बरा. पळायचंच असेल तर वाऱ्याच्या पुढे नाही, आडवं. तोंडाला ओला कपडा. भोपाळमध्ये हा ओला कपडाही लोकांना वेळेत कुणी सुचवला नाही.

हे सगळं भोंगा सांगू शकत नाही. त्यासाठी आता मोबाइल आहे. २०२३ मध्ये फोन अचानक किंचाळून आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी झाली, ती बहुतेकांना आठवत असेल. तीत एका टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर नंबर न जमवता एकदम संदेश जातो. मजकूर मात्र त्या घटकेला कुणी लिहीत बसू नये. प्रत्येक मोठ्या रसायनासाठी तो आधीच तयार हवा, मराठीत आणि कंत्राटी कामगार ज्या भाषा बोलतात त्यांतही : ‘क्लोरीन गळती. पक्क्या घरात वरच्या मजल्यावर जा. खिडक्या, पंखे, एसी बंद. ओला कपडा तोंडाला. पुढचा संदेश दहा मिनिटांत.’

शेवटच्या वाक्याला फार महत्त्व आहे. बंद घरातही वायू हळूहळू शिरतो. बाहेरचा ढग निघून गेल्यावर काही वेळ आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. तेव्हा खिडक्या उघडून घराबाहेर यायला सांगावं लागतं, आणि वेळेवर सांगावं लागतं. तो संदेश पाठवायचा निर्णय कुणाचा, हेही आराखड्यात आजच लिहून ठेवायला हवं.