वारकऱ्याचे पाऊल आणि न भरणारी जखम

वारीहून परतलेल्या माणसाच्या पाया पडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वय आणि नाते न पाहता पंढरीची वाट चालून आलेली पावले वंदनीय मानली जातात. घरातील वारकरी ज्येष्ठ असतील आणि मधुमेही असतील, तर नमस्कारानंतर आणखी एक गोष्ट आपण अवश्य करावी. त्यांना खुर्चीवर बसवावे, भरपूर उजेडात दोन्ही तळवे आपल्याकडे वळवून घ्यावेत आणि टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा नीट पाहाव्यात. ‘मला काही दुखत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नये. न दुखणे हेच येथे काळजीचे कारण असते.

आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. दिवे घाट, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी असा हा जवळजवळ तीन आठवड्यांचा प्रवास. कधी तापलेले डांबर, तर कधी पाऊस, चिखल आणि दिवसभर ओले राहिलेले मोजे. निरोगी माणसाच्या पायाला फोड आला की तो लंगडतो, बसतो, चप्पल झटकून खडा काढतो. अनेक वर्षांच्या मधुमेहाने ज्याच्या पायांतील मज्जातंतू दुबळे झाले आहेत, त्याला तो खडा कळतच नाही. संध्याकाळी मुक्कामी मोजा काढल्यावर रक्त दिसते, तेव्हा उलगडा होतो. डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांवर काम करताना हेच ओळखले होते. बोटे झडतात ती थेट रोगामुळे नव्हे, तर वेदनेचा इशारा हरवल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजांमुळे. मऊ रबराच्या ज्या चपला आज मधुमेहींना सुचवल्या जातात, त्यांच्यामागे कुष्ठरोग्यांच्या पायांवरील तो अभ्यास आहे.

परंतु बधिरपणामुळे जखम का होते, एवढेच समजते. झालेली जखम महिनोन्‌महिने का भरत नाही, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी रक्तातील रोगप्रतिकारक पेशींच्या अभ्यासातून मिळाले आहे, आणि त्या अभ्यासाचा आरंभही एका काट्यापासूनच झाला.

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले, की त्या चिमुकल्या जिवाच्या शरीरातील फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या आहेत. परक्या वस्तूला वेढून गिळू पाहणाऱ्या या भक्षकपेशींच्या शोधाबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्या नावाने परळची हाफकिन संस्था ओळखली जाते, ते वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथे याच मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. पूर्वी यात्रेकरूंना पटकीची लस टोचली जात असे, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. पटकीविरुद्ध लस तयार करून ती भारतात हजारो लोकांना टोचणारे हाफकिन हेच. गुरूच्या काट्याचा आणि पंढरीच्या वाटेचा असाही एक संबंध आहे.

भक्षकपेशी म्हणजे शरीराचे शिपाई, त्यांनी जंतू मारावेत आणि मरून जावे, अशी समजूत पुढे कितीतरी दशके होती. १९७५ साली लाइबोविच आणि रॉस या संशोधकांनी गिनीपिगांच्या शरीरातील ‘मॅक्रोफेज’ या मोठ्या भक्षकपेशी जवळजवळ नाहीशा केल्या आणि मग जखमांचे काय होते ते पाहिले. जखमांतील मृत भाग तसाच राहिला आणि त्या भरण्यास विलंब लागला. दोनच वर्षांनी पोल्व्हेरिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की उद्दीपित झालेल्या मॅक्रोफेज डोळ्याच्या पारदर्शक पटलात सोडल्या, तर एरवी एकही रक्तवाहिनी नसलेल्या त्या जागी नव्या वाहिन्या उगवू लागतात. म्हणजे हे शिपाई गवंडीही होते.

निरोगी पायाला जखम झाली की काय घडते ते आता पाहू. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी धावून येतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात. आधी त्या आक्रमक असतात. जंतू आणि मृत पेशी गिळतात. जखम लाल, गरम आणि सुजलेली दिसते ती या काळात. साफसफाई आटोपली की याच पेशींचा स्वभाव पालटतो. त्या रासायनिक संदेश सोडू लागतात. त्यांपैकी एक प्रमुख संदेश म्हणजे व्हीईजीएफ हे प्रथिन. कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ साली ते वेगळे करून ओळखले. हा संदेश मिळताच जवळच्या केशवाहिन्यांना, वेलीला फुटावेत तसे धुमारे फुटतात आणि ते जखमेच्या दिशेने वाढतात. ड्रेसिंग बदलताना दिसणारे लालभडक, ओलसर, दाणेदार मांस म्हणजे या नव्या वाहिन्यांचेच जाळे. ते पाहून घरचे घाबरतात, डॉक्टर मात्र खूश होतात.

मधुमेहात हा पालट अडखळतो. रक्तातील साखर दीर्घकाळ जास्त राहिली की मॅक्रोफेज पहिल्या, आक्रमक अवस्थेतच अडकून राहतात. लढाई संपत नाही, बांधकाम सुरू होत नाही. वाढीचे संदेश अपुरे पडतात आणि धुमारे फुटलेच तर ते दुबळे निघतात. त्यातच पायाकडे येणारी मोठी धमनी चरबीच्या थरांनी अरुंद झालेली असेल, तर बांधकामाचे साहित्य घेऊन येणारा रस्ताच बंद.

गंमत अशी, की याच रुग्णाच्या डोळ्यात नेमके उलटे घडत असते. तेथे प्राणवायूला आसुसलेला दृष्टिपटल हाच संदेश गरजेपेक्षा जास्त सोडतो, नको तेथे नाजूक वाहिन्या उगवतात आणि त्या पाझरतात. डोळ्यात दर काही आठवड्यांनी दिली जाणारी इंजेक्शने या संदेशाला अडवण्यासाठी असतात. तशाच प्रकारचे औषध कर्करोगात शिरेतून देतात, तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे ते थांबवावे लागते, कारण त्याने जखम भरणे लांबते. डोळ्यातील मात्रा अगदी अल्प असते, म्हणून भीतीपोटी ती इंजेक्शने स्वतःहून बंद करू नयेत. मात्र पायाला जखम असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एकाच माणसाच्या डोळ्याचे आणि पायाचे डॉक्टर एकमेकांशी क्वचितच बोलतात. तो दुवा घरच्या माणसालाच व्हावे लागते.

हे सारे जाणून घेतल्यावर डॉक्टरांच्या काही सूचनांचा अर्थ वेगळा वाटू लागतो. ‘पाय टेकू नका’ ही त्यांपैकी सर्वांत जास्त मोडली जाणारी सूचना. प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार त्या कोवळ्या धुमाऱ्यांना चिरडतो आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. जखम दुखत नसल्यामुळे आजोबा चालतच राहतात. अशा वेळी भार वाटून देणारे प्लास्टर किंवा विशेष पादत्राण महागड्या मलमाहून अधिक उपयोगी ठरते. तसेच डॉक्टर जखमेभोवतीचा घट्टा आणि काळपट मांस कापून काढतात, तेव्हा ‘होती त्याहून मोठी केली’ असा घरच्यांचा ग्रह होतो. मृत मांस तेथे राहिले, तर भक्षकपेशी त्याच्याशीच झुंजत बसतात, म्हणून ते काढणे भाग असते. मिश्री, तंबाखू आणि विडी रक्तवाहिन्या आकसवतात. चुना, राख किंवा हळदीचा लेप जखमेवर लावू नये. बधिर पाय गरम पाण्यात बुडवून शेकणे तर सर्वांत घातक, कारण भाजल्याचेही कळत नाही. पाणी कोमटच हवे आणि ते घरच्या माणसाने स्वतःच्या कोपराने पारखलेले हवे.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायाच्या काळजीसाठी भारतात आणि टांझानियात ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम रुजवण्यात मोठा वाटा उचलला. त्यात डॉक्टर आणि त्यांचा सहायक यांना एकत्रच शिकवले जाते. जखम रोज हाताळणारा माणूस बहुधा डॉक्टर नसतो, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान मला फार मोलाचे वाटते. आपल्या घरांत तो माणूस म्हणजे बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी.

पंढरपूरला जायचेच असेल, तर अनवाणी चालण्याचा नवस मधुमेही व्यक्तीने करू नये. बहुसंख्य वारकरी वहाणा घालूनच चालतात आणि त्याने भक्तीत काही उणे येत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात काचा आणि काटे असतात. तेथेही पायतण असावे. पायाला उघडी जखम असताना नदीत उतरू नये. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे झेपत नसेल, तर मुखदर्शनाची सोय आहे. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. मुक्कामावर तेलाने पाय चोळण्याची सेवा घेताना, सेवेकऱ्याला तळव्यावर फोड वा चीर दिसते का, तेही विचारावे. जखमेला दुर्गंधी आली, बोट काळे पडले किंवा लाली वर चढू लागली, तर ताप नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वृद्ध मधुमेहींना गंभीर संसर्गातही अनेकदा ताप येत नाही.

भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, म्हणून तळवे पाहण्याचा नेम बरे वाटल्यावरही सोडू नये. जखम चालू असताना आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर तिचे छायाचित्र काढावे. चार आठवड्यांच्या उपचारानंतर जखमेचे क्षेत्रफळ निदान निम्मे झालेले नसेल, तर ती छायाचित्रे डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि पायाच्या धमन्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारावे.