जित्या माणसाचं जागरण

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एखाद्या खेड्यात रात्री फिडल वाजू लागलं, म्हातारी माणसं चुलीभोवती बसली आणि तरुण नाचायला जमले, की त्या घरी लग्नच असेल असं नव्हतं. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी घरातली एखादी मुलगी अमेरिकेला निघालेली असे. या रात्रीला लोक ‘अमेरिकन वेक’ म्हणत.

वेक म्हणजे मयताची रात्र जागवणं. प्रेत घरात ठेवून शेजारीपाजारी रात्रभर सोबतीला बसत, तंबाखू ओढत, गोष्टी सांगत, चक्क खेळही खेळत. परदेशी जाणाऱ्याच्या नावानं तेच सगळं व्हायचं. फरक इतकाच, की इथलं ‘मयत’ पाहुण्यांची ऊठबस करत फिरत असे! ऐकायला अघोरी वाटतं खरं, पण त्यामागे कटू अनुभव होता. शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला पाच-सहा आठवडे लागत, परतीचं भाडं परवडत नसे आणि गेलेलं लेकरू आईबापांना बहुधा पुन्हा दिसत नसे. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. पुढेही ही रीघ थांबली नाही. १८४१ मध्ये ८० लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १९११ पर्यंत ४४ लाखांच्या आसपास आली.

जाणारा आधी घरोघरी जाऊन निरोप घेई आणि बोलावणंही करी. मग ऐपतीप्रमाणे बेत. कुणाकडे काळी बिअर आणि घरी गाळलेली ‘पोचीन’ दारू, तर कुणाकडे नुसता चहा. कितीतरी पाद्र्यांना हे दारू पिणं खपत नसे, पण गाव ऐकतं थोडंच! घरातली जमीन मातीची असेल तर दाराची फळी बिजागरीतून काढून खाली अंथरायची, म्हणजे नाचणाऱ्यांच्या टाचा खणखणीत वाजतात.

आणि मध्येच नाच थांबे. आई किंवा गावातली एखादी जाणती बाई ‘कीनिंग’ सुरू करी. हा मेलेल्या माणसासाठी करायचा विलाप. त्यात त्याचे गुण आळवायचे आणि आम्हाला टाकून का निघालास म्हणून त्यालाच जाब विचारायचा. प्रेताला हे ऐकू येत नाही. इथे मात्र अठरा-वीस वर्षांची पोर समोर उभी राहून सगळं ऐकत असे.

पहाटे मंडळी वेशीपर्यंत, कधी त्याहून पुढे सोडायला निघत. डोनेगॉल परगण्यात मकिश डोंगराजवळ एक लहानसा दगडी पूल आहे, ‘अश्रूंचा पूल’. डेरी बंदराकडे निघालेल्यांचे घरचे लोक इथपर्यंत येत आणि इथूनच माघारी फिरत. पुढची वाट जाणाऱ्याची.

हे रडणं खरंच होतं, पण फुकट नव्हतं. कर्बी मिलर या अमेरिकी इतिहासकाराच्या मते या रात्रीमुळे जाणाऱ्याच्या मनावर अपराधाचं आणि कर्तव्याचं ओझं चढत असे. हे पटतं, कारण पुष्कळांना मनातून जायचंच होतं. विशेषतः मुलींना. हुंडा नाही, कामधंदा नाही, मग गावात राहून करायचं काय? अशा मुलीला बोस्टनमध्ये मोलकरणीचं काम मिळाल्यावर आईचा तो विलाप विसरता येत नसे. डॉलर घातलेलं ‘अमेरिकन पत्र’ घरी येई, त्यातून घराचं भाडं भागे. कधी त्यात धाकट्या बहिणीचं आगाऊ पैसे भरलेलं तिकीट असे, आणि त्याच घरात पुढचं जागरण ठरे.

आगबोटी आल्यावर प्रवास आठ-दहा दिवसांवर आला, पण धास्ती गेली नाही. १९१२ च्या एप्रिलमध्ये मेयो परगण्यातल्या अ‍ॅडरगूल या एकाच पॅरिशमधले, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीतले, १४ जण क्वीन्सटाउन बंदरात टायटॅनिकवर चढले. त्यांतल्या तिघीच वाचल्या.

प्रथा ओसरली ती पुढे. १९२० च्या दशकात अमेरिकेनं परदेशी लोकांच्या प्रवेशावर मर्यादा घातल्या, १९२९ नंतरच्या मंदीत तिथलं कामच आटलं आणि आयरिश तरुण इंग्लंडकडे वळले. ती बोट काही तासांत पलीकडे पोचे आणि नाताळला घरी येणंही जमे. अशा मुलाची रात्र जागवायचं कुणाला कारण उरलं नाही.