भावापासून ताटापर्यंत : महाराष्ट्रातील शेतकरी बाजारांचा मागोवा

शेतमालाच्या बाजाराविषयी महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे कायदे झाले, ज्या समित्या बसल्या आणि जी आंदोलने उभी राहिली, त्यांच्या केंद्रस्थानी बहुतांशी एकच प्रश्न होता, तो म्हणजे पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते. तोच माल खाणारा माणूस कोण आहे, तो बाजारापर्यंत पोहोचू शकतो का, त्याच्या हातात त्या दिवशी किती पैसे असतात आणि त्या पैशांत त्याच्या घरच्यांना पुरेशी भाजी, फळे, डाळी मिळतात का, हा दुसरा प्रश्न फार उशिरा आणि तोही चोरपावलांनी या चर्चेत आला. शेतकऱ्याने किंवा शेतकरी गटाने शहरातील नेमून दिलेल्या जागी, ठरलेल्या वारी, मधल्या कोणालाही न घेता थेट ग्राहकाला माल विकायचा, अशी व्यवस्था म्हणजे शेतकरी आठवडे बाजार, आणि या दोन्ही प्रश्नांची गाठ जर कुठे पडत असेल तर ती तिथेच पडते. म्हणून या बाजारांची वाटचाल दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूने पाहणे अगत्याचे ठरते.

या वाटचालीत १८८६ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, जो देशातील अशा प्रकारचा पहिला बाजार मानला जातो. नियंत्रित बाजार म्हणजे जिथे मोजमाप, लिलाव आणि दलालीचे दर यांवर शासनाने नेमलेल्या यंत्रणेची देखरेख असते असा बाजार. त्यामागची प्रेरणा शेतकऱ्याच्या कळवळ्याची नव्हती, इंग्लंडमधील गिरण्यांना शुद्ध कापूस रास्त दरात मिळावा ही होती. त्याच वर्षी पुण्यात शुक्रवार पेठेत लॉर्ड रे यांच्या नावाची भव्य मंडई उघडली आणि शहरातील उघड्यावरचा भाजीबाजार छताखाली आला. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध करून तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरला होता. पुढे मंडईला त्यांचेच नाव देण्यात आले. कारंजाचा बाजार आणि पुण्याची मंडई यांच्या वाटा तिथून वेगळ्या झाल्या. पहिल्याचा वंशविस्तार १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा, १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा, १९३९ चा मुंबई शेतमाल बाजार कायदा आणि अखेर १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री नियमन कायदा असा होत गेला, तर मंडई ही नगरपालिकेच्या गाळेभाड्याची बाब होऊन राहिली. शेतकऱ्याचे हित पाहणारी संस्था आणि शहराच्या पोटाची सोय पाहणारी संस्था यांचा एकमेकींशी संबंधच उरला नाही, आणि या फारकतीची किंमत पुढच्या काळात शेतकरी व ग्राहक या दोघांनीही मोजली.

१९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांचे जाळे राज्यभर पसरले आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्यासारख्या, शेतकऱ्याला अंधारात ठेवणाऱ्या प्रथांना आळा बसला, हे त्याचे मोठे श्रेय आहे. परंतु भाजीपाला आणि फळे नाशवंत असतात, आणि नाशवंत मालाचा धनी लिलावाच्या जागी नेहमीच दुबळा असतो, कारण न विकलेली मेथी घरी परत नेता येत नाही. अडत, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून देणाऱ्या अडत्याचे कमिशन, शिवाय हमाली, तोलाई आणि वाहतूक कापून जी हिशेबाची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडे, तिच्यातला आकडा आणि शहरातल्या टोपलीतला भाव यांचा मेळ कोणालाही लागत नसे. १९९६ मध्ये मुंबईचा भाजी आणि फळांचा घाऊक बाजार शहराबाहेर वाशीला हलवण्यात आला. गर्दी आणि जागेच्या दृष्टीने ते अपरिहार्य होते, तरी त्यामुळे भाजी आधी वाशीला जाऊन पुन्हा मुंबईत परतण्याचा आणखी एक टप्पा वाढला. शेतकऱ्याने आपला माल घरगुती ग्राहकाला किरकोळीने विकण्यास कायद्याची मनाई नव्हती, पण तशी विक्री करायला शहरात जागा कुठेच नव्हती, आणि रस्त्यावर बसणाऱ्याला अतिक्रमण विभागाची गाडी शेतकरी आणि फेरीवाला असा भेद करत नसे. पुणे बाजार समितीच्या मांजरी उपबाजारात शेतकरी स्वतः उभा राहून किरकोळ विक्रेत्याला माल विकतो, ही अडत्याला वगळणारी पद्धत महाराष्ट्रात रुजली होती. तीत एक कडी गळाली, पण खाणारा अजून दूरच होता.

खाणाऱ्याला समोर आणण्याचे प्रयोग आधी इतर राज्यांत झाले. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली. आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी ‘रयतू बाजार’ आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तमिळनाडूत मदुराईपासून ‘उळवर संदै’ म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारांची सुरुवात झाली. या दक्षिणेकडील बाजारांचे खरे बळ त्यांच्या बारीकसारीक नियमांत होते. कोण शेतकरी आहे हे गावपातळीवर तपासून ओळखपत्र दिले जाई, म्हणजे व्यापाऱ्याला शेतकऱ्याचा वेश घेऊन शिरणे अवघड होई. दर रोज सकाळी घाऊक भावापेक्षा चढे आणि किरकोळ भावापेक्षा उतरते असे ठरवून फळ्यावर लिहिले जात. वजनकाटे बाजाराकडून मिळत. आणि तमिळनाडूत गावाहून येणाऱ्या माळव्याची ने-आण करण्यासाठी सरकारी बसची सोय होती. ही बसची सोय वरवर किरकोळ दिसते, पण दोन पाट्या भाजी घेऊन निघालेल्या अल्पभूधारक बाईला बाजार गाठता येतो की नाही, हे त्या बसवरच ठरत असते. त्या बाजारांवर राजकारणाची सावलीही पडली. सरकार बदलल्यावर तमिळनाडूत त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले आणि २००६ नंतर त्यांना पुन्हा उभारी देण्यात आली.

महाराष्ट्रात हे वारे उशिरा आले. मुंबईत वांद्र्याला २०१० मध्ये सेंद्रिय मालाचा रविवारचा बाजार भरू लागला, परंतु त्याचा ग्राहक आरोग्याविषयी आधीच सजग असलेला आणि जास्त दाम मोजू शकणारा वर्ग होता. पुण्यात कोथरूडसारख्या उपनगरांत २०१४-१५ च्या सुमारास शेतकरी गटांनी आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. मोठे वळण जुलै २०१६ मध्ये आले, जेव्हा राज्य शासनाने अध्यादेश काढून फळे आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी संप केला, काही दिवस घाऊक बाजार ओस पडले, पण निर्णय टिकला. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत विधानभवनाच्या आवारात शेतकरी आठवडे बाजार भरला आणि या अभियानाला अरणच्या संत सावता माळी यांचे नाव देण्यात आले. मळा हीच भक्तीची जागा मानणाऱ्या संताचे नाव या कामाला देणे उचितच होते. राज्य कृषी पणन मंडळाने जागा मिळवून देण्याचे आणि गट जोडण्याचे काम केले, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना, म्हणजे शेतकरीच भागधारक असलेल्या कंपन्यांना, शहरात विक्रीचे एक दालन उघडले.

पिकवणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडला तर या बाजारांची गरज वादातीत ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहक मोजत असलेल्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ टक्के इतकाच आहे. थेट विक्रीत वाहतूक आणि नासधूस वजा जाता उरलेला जवळजवळ सगळा रुपया त्याच्याकडे येतो. खाणाऱ्याच्या बाजूचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रौढ माणसाला दररोज साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे लागतात असे म्हटले आहे, म्हणजे चार माणसांच्या घराला दिवसाला दीड किलोहून अधिक भाजी हवी. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, जो आधीच्या फेरीत ४८ टक्के होता, आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. या आकड्यांचे खापर भाजीबाजारावर फोडणे चुकीचे होईल. रक्तक्षयामागे उत्पन्न, स्वच्छता, बाळंतपणे, जंत अशी अनेक कारणे असतात. पण ज्या दशकात शेतकरी बाजारांचा बोलबाला झाला, त्याच दशकात ताटातील उणीव भरून निघाली नाही, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही.

याचे एक कारण बाजारांच्या जागांत आणि वेळांत आहे. शेतकरी बाजार बहुधा तिथेच भरला जिथे मैदान किंवा सोसायटीचे आवार मिळाले, नगरसेवकाचा पाठिंबा मिळाला आणि माल संपण्याची खात्री वाटली, म्हणजे मध्यमवर्गीय वस्तीत. एका दिवसासाठी गाडीभाडे खर्चून आलेला गट जिथे खप आहे तिथेच जाणार, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय आठवड्यातून एकदा भरणारा बाजार ज्याच्या घरी फ्रिज आहे आणि ज्याला आठवड्याचे पैसे एकदम काढता येतात, त्याच्यासाठी सोयीचा असतो. रोजंदारीवर जाणारी बाई संध्याकाळी हातात मजुरी पडल्यावर खरेदी करते. तिला किलोचा भाव नको असतो, दहा-वीस रुपयांचा वाटा हवा असतो. वाटे लावून विकणे, म्हणजे चार वांगी, मूठभर मिरच्या किंवा सुटलेल्या जुडीचा अर्धा भाग असे ढीग मांडणे, ही गरिबांच्या बाजाराची जुनी रीत आहे आणि ती वस्तीतल्या भाजीवालीने जपलेली आहे. ही भाजीवाली अनेक धोरणलेखांत नुसती ‘मध्यस्थ’ म्हणून गणली जाते, हा मोठा अन्याय आहे. ती पहाटे घाऊक बाजारातून पाटी उचलते, उधारीवर देते, रात्री नऊपर्यंत बसते. पोषणाच्या दृष्टीने शहराचा शेवटचा मैल तीच चालते. तिला वगळून उभारलेला शेतकरी बाजार झोपडवस्तीपर्यंत पोहोचणे कठीण, आणि तिच्याशी जोडलेला बाजार मात्र तिथे सहज पोहोचू शकला असता.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या व्यवस्थेचे बळ आणि मर्यादा एकाच वेळी उघड केल्या. घाऊक बाजार मधूनमधून बंद पडत असताना शेतकरी गटांनी मिश्र भाजीच्या पेट्या भरून थेट गृहसंकुलांच्या दारात नेल्या, निर्यात थांबलेली द्राक्षे त्याच वाटेने विकली गेली, आणि पुष्कळ शहरी कुटुंबांना आपली भाजी कोणत्या तालुक्यातून येते हे प्रथमच कळले. त्या काळातली शेतकऱ्यांची जिद्द विसरता येण्याजोगी नाही. तरीही पेटी आगाऊ मागवायला मोबाइल, एकरकमी पैसे आणि उतरवून घ्यायला आवार लागे. या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे नव्हत्या, त्यांना रस्त्यावरचा ठेलाही बंद असल्याने कांदा-बटाट्यावर दिवस काढावे लागले.

ग्रामीण आणि आदिवासी भागाची गोष्ट निराळी आहे आणि तिच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. जव्हार, मोखाडा, अक्कलकुवा, एटापल्ली अशा तालुक्यांत आठवडे बाजार हा कोणत्याही योजनेच्या कितीतरी आधीपासून आहे. तेल-मीठ, कपडा, सुकी मासळी तिथेच मिळते आणि लग्नाची बोलणीसुद्धा तिथेच होतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली अशा रानभाज्या याच भागांत उगवतात, आणि पालघर, कर्जत, शहापूरकडच्या स्त्रिया त्या गोळा करून ठाणे-मुंबईच्या स्थानकांबाहेर आणून विकतात. गेल्या काही वर्षांत कृषी विभागाने ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवून या भाज्यांना शहरी ताटात मान मिळवून दिला. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु बाजार जसा अन्न आणतो तसा नेतोही. जी करटोली चढ्या दराने शहरात जाते ती पाड्यावरच्या मुलाच्या ताटात कमी होते, आणि तिच्या पैशांतून गावच्या बाजारात विकत मिळणारी वस्तू तितकी कसदार असेलच असे नाही, कारण तिथल्या दुकानांत डाळी आणि अंड्यांपेक्षा तळलेल्या खाऊच्या पुड्या अधिक हाताशी असतात. राज्याने २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी जी अमृत आहार योजना राबवली, तिच्या स्वयंपाकासाठी लागणारी भाजी आणि अंडी त्याच आठवडे बाजारातून, स्थानिक शेतकरी स्त्रियांकडून नियमाने खरेदी झाली, तर मागणी गावातच उभी राहील आणि कसदार माल शहराकडे वाहून जाण्याची गरज कमी होईल.

परदेशातील दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतात. अमेरिकेत १९९२ पासून गरजू माता आणि बालकांना शेतकरी बाजारातच चालणारी कुपने देण्याचा कार्यक्रम आहे, त्यामुळे शेतकऱ्याला पूर्ण भाव मिळतो आणि खाणाऱ्यालाही ते परवडते. ब्राझीलमधील बेलो होरिझोंते या शहराने १९९३ पासून आणखी धीट वाट धरली: शहरातील मोक्याच्या सार्वजनिक जागा विक्रेत्यांना देताना ठरावीक कसदार जिन्नस शहराने ठरवलेल्या कमी दरात विकण्याची आणि शनिवार-रविवारी गरीब वस्त्यांत गाडी नेण्याची अट घातली. म्हणजे जागा हेच अनुदान ठरले. गोव्यात फलोत्पादन महामंडळ बेळगावहून आणि स्थानिक शेतकऱ्यांकडून भाजी घेऊन गावोगावच्या केंद्रांत सवलतीने विकते, ही त्याच विचाराची जवळची आवृत्ती म्हणता येईल, आणि रोज उघडे असलेले केंद्र आठवड्याच्या बाजारापेक्षा गरिबाला अधिक उपयोगी पडते हे तिच्यातून दिसते. महाराष्ट्रातील महानगरपालिकांकडे मैदाने, मंडया आणि उड्डाणपुलांखालच्या मोकळ्या जागा आहेत. कोथरूडच्या मैदानावर रविवारी बसणाऱ्या गटाने बुधवारी संध्याकाळी जनता वसाहत या झोपडवस्तीच्या पायथ्याशी, तिथल्या भाजीवाल्यांना घाऊक भावात माल देत, गाडी लावावी अशी अट परवान्यात घालायला नवा कायदा लागत नाही. त्यासाठी पणन मंडळ, पालिकेचा आरोग्य विभाग आणि फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या कायद्याने नेमलेली नगर पथविक्रेता समिती यांना एका बैठकीत बसावे लागेल, आणि बाजाराच्या नोंदवहीत किती टन माल खपला याच्या शेजारी तो कोणत्या वस्तीत खपला हा रकाना उघडावा लागेल.