कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर

डेन्व्हरच्या विमानतळावर विमान टेकतं, तेव्हा तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उतरलेले असता. कळसूबाई ५,४०० फूट, तर हा विमानतळ ५,४३० फुटांच्या आसपास. फरक इतकाच, की इथं शिड्या चढाव्या लागत नाहीत आणि भोवती नजर पोहोचेल तिथवर सपाट माळ पसरलेला असतो. पश्चिमेला मात्र रॉकी पर्वताची रांग उभी असते. विमानतळाचं पांढरं, तंबूसारखं छप्परही त्या हिमशिखरांचीच आठवण करून देतं. हिवाळ्यात स्कीइंगसाठी आलेली माणसं त्या रांगेकडे निघतात, आणि त्यांतले कितीतरी जण भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवत जातात.

आम्हीही निघालो होतो. मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले माझे वडील. आप्पांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी आंबा घाटातून. जायचं होतं व्हेल या गावी. अंतर सुमारे १९० किलोमीटर. हवा चांगली असेल तर दोन-अडीच तासांचा रस्ता.

चारही चाकांना जोर मिळेल अशी गाडी आम्ही आधी सांगून ठेवली होती. प्रत्यक्षात समोर आली ती फक्त पुढच्या चाकांवर चालणारी. कोलोरॅडो राज्याचा याबाबत कायदा आहे. सप्टेंबर ते मे या महिन्यांत आय-७० महामार्गाच्या डोंगराळ टप्प्यात टायरच्या नक्षीची खोली किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर हवी. गाडी दोन चाकांवर चालणारी असेल, तर टायर बर्फाला चालणारे तरी हवेत किंवा साखळ्यांसारखं साधन जवळ हवं. आप्पांना हा कायदा ठाऊक नव्हता. त्यांनी वाकून चारही टायरांवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मागचा डावा पार गोटा झालाय. ही गाडी घेऊ नको."

हुज्जत घालण्यात तास गेला. अखेर हवी तशी गाडी मिळाली. पण तोवर पश्चिमेचं आभाळ करडं झालं होतं.

डेन्व्हर मागे पडलं की रस्ता डोंगरात शिरतो. पहिलं मोठं गाव आयडाहो स्प्रिंग्ज. १८५९ साली इथं सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. पुढचं जॉर्जटाउन चांदीच्या खाणींवर वाढलेलं. मग चढ संपता संपत नाही, आणि सुमारे ११,००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर, आयझेनहॉवर बोगद्याचं तोंड दिसतं. पहिला बोगदा १९७३ साली खुला झाला, शेजारचा जॉन्सन बोगदा १९७९ साली. लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर. बोगद्यात बाई शिरली तर अपशकुन होतो, अशी खाणकामगारांची समजूत होती. त्यापायी जॅनेट बोनेमा या तंत्रज्ञ बाईंना काम असूनही आत जाऊ दिलं जात नव्हतं. त्यांनी दावा लावला आणि १९७२ साली त्या आत गेल्या. काही कामगार त्या दिवशी काम सोडून बाहेर पडले. बोगदा मात्र जागच्या जागी राहिला.

याच डोंगराच्या धारेवर पाणी वाटलं जातं. अलीकडचं पाणी मेक्सिकोच्या आखाताच्या वाटेला लागतं, पलीकडचं कोलोरॅडो नदीकडे. "म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखंच," आप्पा म्हणाले. "इकडचा पाऊस कोकणात, तिकडचा कृष्णेला."

बोगद्यातून बाहेर पडलो आणि समोरचं काही दिसेना. बर्फ आडवं येत होतं. इथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग तीव्र उतार आहे. ब्रेक निकामी झालेले ट्रक वर चढवून थांबवता यावेत म्हणून कडेला मुद्दाम चढाचे रस्ते काढले आहेत. आप्पा शांतपणे म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेवून बसू नको. ज्या गिअरात चढतो, त्याच गिअरात उतरायचं." गाडी ऑटोमॅटिक, पण तिलाही खालचा गिअर असतोच. तो टाकला. इंजिन घुमू लागलं आणि गाडी आपोआप आवरली गेली. ब्रेक दाबले तेही हळूच, थोडे थोडे.

खाली पोहोचल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पुढे १०,६६२ फुटांवरची व्हेल खिंड. रस्ता बंद नव्हता. व्हेलच्या खोलीचे पैसे भरलेले, ते परत मिळणार नव्हते. सकाळी नऊला मुलीचा स्कीचा पहिला वर्ग. त्यासाठी ती दोन महिने दिवस मोजत होती. पत्नी म्हणाली, "हळूहळू गेलो तर?" मलाही तेच वाटत होतं. मी आप्पांकडे पाहिलं.

"रस्ता उघडा आहे, म्हणून गेलंच पाहिजे असं थोडंच आहे? तू चार तास चालवतो आहेस. तुझे डोळे बघ आरशात."

आम्ही सिल्व्हरथॉर्नलाच मुक्काम केला. मुलगी रडली, आजोबांशी बोलेना. रात्री जेवताना त्यांनी तिच्या ताटात पोळीचा लाडू ठेवला, तो तिनं खाल्ला, पण बोलली नाही ती नाहीच.

सकाळी बर्फ काढणारी यंत्रं फिरून गेली होती. ऊन पडलं होतं. खिंड पाऊण तासात पार झाली. पहिला वर्ग बुडाला, दुपारचा मिळाला. व्हेल हे जुनं गाव नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून लढलेल्या पीट सायबर्ट यांनी सोबत्यांसह ते उभं केलं. डिसेंबर १९६२ मध्ये तिथलं स्कीइंग सुरू झालं. त्या उतारावर मुलगी दुपारभर पडत-उठत राहिली. संध्याकाळी कसं पडायचं ते तिनं सर्वांत आधी आजोबांनाच करून दाखवलं.

कोणी वाचक तिकडे जाणार असतील, तर विमान सकाळचं घ्यावं म्हणजे घाट उजेडात लागतो. शनिवारी सकाळी वर जाणारी आणि रविवारी दुपारी परतणारी गर्दी टाळावी. गाडीची किल्ली हाती घेण्याआधी टायर पाहावेत. पुलांवरचा बर्फ रस्त्यावरच्याआधी गोठतो, हे ध्यानात ठेवावं. पाणी भरपूर प्यावं. उंचीवर डोकं दुखतं. गाडीत पांघरुणं आणि खाऊ असावा. आणि खर्चाचा हिशेब मांडताना वाटेतल्या एका जादा रात्रीचे पैसे त्यात आधीच धरून ठेवावेत, म्हणजे थांबायचा निर्णय घेणं सोपं जातं.